मिठागरातली दुपारची शाळा

यज्ञेश्वर मास्तर मूळचे चौलचे. नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेला गोरा, किडकिडीत माणूस. डोकं मात्र तापलेल्या तव्यासारखं, पाण्याचा थेंब पडायचा अवकाश की चर्र! धरमतरच्या खाडीकाठच्या हायस्कुलात ते गणित शिकवायचे. गणित चुकलं तर एक वेळ माफ, पण आळस? छे, नावच काढू नका.

शाळेत पोरं दोन तऱ्हेची. वकील, कारकून, बागाईतदार यांची गावातली पोरं पुढच्या बाकांवर, आणि भरतीच्या पाण्यानं दलदल होणाऱ्या खाजणापलीकडून चालत येणारी, मीठ पिकवणाऱ्या आगऱ्यांची पोरं मागे, भिंतीला टेकून. हे म्हणे कुणी ठरवलेलं नव्हतं. पण कुणी मोडलंही नव्हतं. दिवाळीपर्यंत मागची पोरं पुढच्यांना तोडीस तोड असायची. मग माघ सरत आला की त्यांची हजेरी विरळ व्हायची, आणि मॅट्रिकला मुंबईला जाऊन ती हमखास आपटायची. दर साली हेच. शाळेचा निकाल घसरायचा, इन्स्पेक्टरसाहेब भुवया चढवायचे आणि हेडमास्तर महिनाभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

सन चौतीसच्या सुमाराची गोष्ट. सदू, बाळाजी आणि रावजी हे तिघे आगरी विद्यार्थी चाचणी परीक्षेत पास झाले होते. तरी हेडमास्तरांनी ठरवलं, यंदा त्यांना मॅट्रिकला बसवायचंच नाही. म्हणाले, यांचं पुढचं पाठ मागचं सपाट, यांच्यापायी शाळेच्या तोंडाला काळं कशाला?

झालं! तवा तापला. सदूचं भूमितीत डोकं कसं चालतं हे मास्तरांनी स्वतः पाहिलं होतं. ते बोलून गेले, "तिघांना बसवा. त्यातला एक जरी नापास झाला, तर मी नोकरी सोडून चौलला नारळ सोलत बसेन."

हेडमास्तरांनी शब्द धरून ठेवला. घरी वेणूबाईंनी कपाळाला हात लावला. पदरात लहान लेकरं, आणि नवऱ्यानं नोकरी पणाला लावली ती दुसऱ्यांच्या पोरांवर.

मास्तरांनी उपाय काढला तोही आपल्या घराण्यातलाच. त्यांच्या बापानं, आजानं पहाटे उठूनच विद्या केली. पहाटेचं पाठांतर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उन्हाळा लागल्यामुळे शाळाही आता सकाळची झाली होती, तेव्हा तिच्याही आधी स्वतःच्या ओटीवर वर्ग. मास्तर कंदील लावून बसले. गावातली काही पोरं डोळे चोळत आली. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या तिघांचा मात्र पत्ता नाही. आठवडाभर वाट पाहून मास्तर भडकले. रविवारी भल्या पहाटे छत्री उचलली आणि खाजणाची वाट धरली, तिघांचे कान पिळायला.

बांधावर पोचले आणि तिथंच थबकले. अख्खी वस्ती मिठागरात उतरली होती. सदू घोटाभर खाऱ्या पाण्यात उभा राहून लाकडी फावड्यानं मीठ ओढत होता. शेजारी त्याची आई बायजा टोपल्या भरत होती. सदूचा बाप येसाजी मागंच वारला होता, त्याच्या वाटणीचं काम आता पोराच्या अंगावर आलेलं. माघ सरताना मिठाचा हंगाम लागला की मीठ ओढायचं ते पहाटे, आणि ऊन कललं की पुन्हा. मीठ काही शाळेचं वेळापत्रक बघून पिकत नाही. आणि मास्तर पहाटे वर्गाला बोलावत होते कुणाला, तर त्यांच्याही आधी उठून कामाला लागलेल्याला! स्वतःचा असा राग त्यांना जन्मात आला नव्हता. कान पिळायचे ते राहूनच गेलं.

ते बांधावरच बसून राहिले. ऊन चढलं तशी माणसं खोपीत शिरली, भाकर-सुकट खाऊन आडवी झाली. मास्तरांनी विचारलं, आता पुढं काय? बायजा म्हणाली, आता काय न्हाय, ऊन कलेपर्यंत निजायचं.

"मग मी रोज दुपारी येतो," मास्तर म्हणाले.

बायजा हसली. "मास्तर, दुपारचा हितं कावळा बी बसत न्हाय."

पण मास्तर आले. शाळा सुटली की डोक्यावर ओला पंचा, वर छत्री, आणि निघाले खाजण तुडवत. गावानं यथेच्छ टर उडवली, मास्तरांना ऊन लागलं म्हणून. लागलं होतंच. एकदा चक्कर येऊन पडले, तेव्हा बायजानं कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. मीठ पिकवायच्या कोंडीतल्या ओल्या चिखलावर काठीनं त्रिकोण, वर्तुळं काढायची, खोपीत इंग्रजीचे धडे मोठ्यानं म्हणायचे. झोपमोड होते म्हणून म्हातारा चांगदेव आधी करवादायचा. मग तोच, पोरांना डुलकी लागली की कोपरानं ढोसायला लागला. परीक्षा तोंडावर आली तेव्हा बायजानं वस्तीतल्या बायकांना गोळा केलं आणि तिघांच्या हातातली फावडी काढून घेतली. त्यांच्या वाटणीचं मीठ बायकांनी ओढलं, आणि पोरं आगबोटीनं मुंबईला गेली.

निकालाचं वर्तमानपत्र आगबोटीनंच यायचं होतं. मास्तर धक्क्यावर गेले नाहीत, छातीच झाली नाही. शाळेत फळे पुसत बसले. शिपाई हरेश्वर धापा टाकत पेपर घेऊन आला. हेडमास्तरांनी चष्मा पुसून नंबर पाहिले, परत पाहिले, आणि मग खुर्चीवरून उठून मास्तरांपाशी आले. तिघेही पास! सदू तर शाळेत पहिला, आणि शाळेचा एवढा चांगला निकाल आजवर कधी लागला नव्हता. हेडमास्तर माणूस करडा, पण दिलदार. आपलं चुकलं, असं त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलं.  मास्तर घरी जाऊन वेणूबाईंना सांगताना ढसाढसा रडले, आनंदानं.

पुढे नवी नावं घालायचा दिवस आला. बायजा शाळेच्या पायऱ्या चढून वर आली. मिठागरातली बाई तिथवर कधी आली नव्हती. तिनं सदूच्या पाठच्या बहिणीचा हात धरला होता. मागे वस्तीतल्या बाया, प्रत्येकीच्या हाताशी एकेक पोर.

"हिला बी घाला," बायजा म्हणाली. "गावच्या शाळंत चौथी पास हाय."

हेडमास्तर चाचरले. मुलगी? इथं?

"व्हय. मीठ वढती, तशी शिकंल बी."

मास्तर कोपऱ्यात उभे होते. डोकं तापायला लागलंच होतं, पण बोलायची वेळ आली नाही. हेडमास्तरांनी दौत पुढं ओढली, टाक बुडवला आणि पोरीला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"गोदू येसाजी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. आणि तिच्या मागची पोरं, कुणी विचारायच्या आधीच, आपापली नावं ओरडून सांगायला लागली.