मिस्त्रींची तेलाची बाटली

आई कामावरून कधी फोन करत नाही. त्या दुपारी मी बारामतीला कॉलेजच्या ग्रंथालयात होते आणि तिचा फोन आला. "मिस्त्री गेलं गं," एवढंच म्हणाली. मागे साइटवरच्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती, मग तीही थांबली... त्याला आता महिना झाला.

रशीद मिस्त्री मूळचे पळसदेवचे. तरुणपणी वालचंदनगर, इंदापूर, बारामती असे गवंडीकाम करत फिरले. एकदा परांचीवरून त्यांचा जोडीदार पडला. ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे. त्या दिवशी मिस्त्रींनी थापी ठेवली आणि बांधकाम मजुरांची संघटना उभी केली. हे मी ऐकलेलं. मी पाहिलेले मिस्त्री इंदापूरच्या बाजारतळाजवळ एका खोलीत मजुरांचे नोंदणीचे फॉर्म भरत बसलेले असायचे. खिळ्याला कापडी पिशवी आणि तिच्यात खोबरेल तेलाची बाटली.

ती बाटली कशाला, हे मला बारावीनंतर कळलं. मजूर म्हणून आईची नोंदणी चालू राहिली तरच मला शिष्यवृत्ती मिळणार होती, नाहीतर कॉलेज विसरायचं. आणि नोंदणी केंद्रावरचं ठशाचं यंत्र आईचा अंगठा घेईना. सिमेंट कालवून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. दोन खेपा फुकट गेल्या, तिसऱ्या वेळी मिस्त्री सोबत आले. यंत्रावरचा मुलगा म्हणाला, बाईंना अंगठाच नाही वाटतं. रांगेतले लोक हसले. मी... खरं सांगते, मी दाराबाहेर जाऊन मोबाइल बघत उभी राहिले. आतून मिस्त्रींचा आवाज आला, "ठसा हाय की. ह्या भिंतींच्या गिलाव्याचा माल तिनंच कालवलाय. तितं लावून बगा तुमची मशीन." मुलगा वरमला. आठ दिवसांनी या म्हणाला. नोंदणीची मुदत संपायला दहाच दिवस होते.

आठ दिवस सिमेंटला हात लावायचा नाही, असं मिस्त्रींनी आईला बजावलं. हलकं काम नाही, असं मुकादम म्हणाला. दुसऱ्या दिवशी साठी उलटलेले मिस्त्री आईच्या जागी फावडं घेऊन उभे. दुपारपर्यंत मुकादमालाच बघवेना, त्यानं आईला भिंतींवर पाणी मारायला लावलं.

संध्याकाळी मिस्त्रींनी बाटली माझ्या हातात दिली. मी बाहेर उभी राहिले होते, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. "सकाळ-संध्याकाळ आईचा अंगठा चोळायचा. ह्ये काम तुझं," म्हणाले. आठ दिवस मी आईचा हात मांडीवर घेऊन बसले. इतका खरखरीत हात... मी तो आधी कधी नीट पाहिलाच नव्हता. शेवटी यंत्रानं अंगठा घेतला. तेलामुळं की सिमेंट सुटल्यामुळं, मला माहीत नाही.

मागच्या रविवारी संघटनेच्या खोलीत गेले. पिशवी खिळ्यालाच होती. यंत्रानं परत पाठवलेल्या एक मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आता हितं कोन हाय गं?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींसारखं बोलणं मला जमत नाही. मी पिशवीतून बाटली काढली, त्यांच्यासमोर बसले आणि त्यांचा हात मागितला.