मिठाच्या कण्या

ज्वारीच्या कण्या रटरटायला लागल्या की त्यांचा तो उबदार, किंचित गोडसर वास घरभर फिरतो, आणि मी हातातला डाव तसाच धरून दाराकडे बघत राहते. आज जरा जास्तच वेळ बघितलं. दारात कुणी नव्हतं, असणार तरी कोण! जिची मी वाट बघते ती बाई ताडमाड उंच होती. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात शिरताना तिला मान वाकवावी लागायची आणि वाकवायचं ती हमखास विसरायची.

जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात ती मोठी परिचारिका होती आणि मी तिच्या हाताखाली शिकत होते. ऐन विशीत माझं कपाळ पांढरं झालं होतं. भोकरदनला सासरी चुलीपुढे जन्म काढायचा, एवढंच पुढ्यात उरलं होतं. बाई स्वतः बैलगाडीने आमच्या घरी आली आणि तिने सासऱ्यांकडे मला मागितलं. सासरे म्हणाले, "बाई हायेत तवर शिक. त्या गेल्या की मंग जल्दी घरी यायचं, बराबर?" म्हणजे माझं शिकणं बाईच्या मुक्कामाला बांधलेलं होतं.

तिला कुणी इंग्रज म्हटलं की नाकाचा शेंडा लाल व्हायचा. "मी इंग्रज न्हाई, बिलकुल न्हाई. मी स्कॉटलंडची!" व्याकरण शिकून आलेली तिची मराठी जालन्याच्या बाजारात कधीच सांडून गेली होती. वेगळेपणाचा तिचा पुरावा कण्यांचा होता. तिच्या मुलखात ओटच्या भरडीच्या अशाच कण्या शिजायच्या. इंग्रज त्यात साखर घालतात. आम्ही मीठ घालतो आणि उभ्याने खातो, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. खायचीही तशीच, खिडकीला टेकून, वाडगा हातात धरून.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आमची ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जात होती. तिच्या घरची पत्रं उशिरा यायची आणि ती मला त्यातलं सांगत बसायची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत राबलेले. मालक ज्या पक्षाचा त्यालाच मत द्यायची त्यांची जुनी रीत. पण युद्धात मालकाला आणि मजुराला सारखंच रेशन मिळालं, बायका कारखान्यात गेल्या, आणि लोक विचारू लागले, लढाईत सरकारला सगळ्यांकडे बघता येतं तर शांततेत का येऊ नये? युद्ध संपताच निवडणूक झाली आणि म्हाताऱ्याने जन्मात पहिल्यांदा मजूर पक्षाला मत दिलं. रणांगणावरून परतलेला धाकटा भाऊ त्याच्याही पुढे गेला. आमच्या खाणींचा निवाडा लंडनने का करावा, स्कॉटलंडला स्वतःची संसद हवी, म्हणणाऱ्या चिमुकल्या पक्षात तो शिरला. त्या पक्षाने एक जागा जिंकली होती, ती काही महिन्यांतच गेलीही. "बाप-लेक येकाच टेबलावर भांडून राह्यले," बाई कौतुकाने सांगायची. मला हेवा वाटायचा. निजामाच्या राज्यात आम्ही कुणाशी भांडणार होतो?

मग बाई रजेवर निघाली. तिकडे सगळ्यांसाठी फुकट दवाखान्यांची तयारी चालली होती, परिचारिका हव्या होत्या, वडील ये म्हणत होते. ती परत येणार नाही असंच सगळे धरून चालले. निघायच्या सकाळी मी कण्या केल्या. आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंड गोड करून पाठवतात, म्हणून त्यात हात सैल सोडून गूळ घातला. बाई खुर्चीवर बसली आणि तिने वाडगा संपवला. टांगा गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी रडरड रडले. माझं शिक्षण निघालं होतं, आणि बाईला मी इंग्रज करून पाठवलं होतं.

पुढची थंडी सरता सरता सासऱ्यांचा निरोप आला. मी ट्रंक भरत होते तेवढ्यात स्वयंपाकघराच्या चौकटीवर कपाळ आपटल्याचा आवाज झाला. बाई! कपाळ चोळत म्हणाली, "कण्या कर पोरी. पण आता मीठ घाल."

मी विचारलं, "घरी ऱ्हायला न्हाई का, बाई?"

"तिथं लोकान्ला सरकारकडं मागता येतं. मिळालं न्हाई तर सरकार बदलतात. तुला कोण देणार?"

त्यानंतर रझाकारांचे वाईट दिवस आले, गाव अर्धं रिकामं झालं, पण बाई हलली नाही. माझं शिक्षण पुरं झालं तेव्हा निजामी संपली होती. मी पहिलं मत द्यायला गेले, तर ती केंद्राबाहेर छत्री घेऊन उभी. तिच्या देशात तरुण बायकांना मत मिळालं तेव्हा ती इकडे आली होती, आणि इथे ती परकी. तिने आयुष्यात एकदाही मत दिलं नाही. माझं शाईचं बोट मात्र तिने हातात घेतलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही.

आज सकाळी पुतण्याने पेपरातली बातमी वाचून दाखवली. स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली. त्या भांडकुदळ भावाचं खरं झालं म्हणायचं! माणसं जातात, त्यांची भांडणं मागे राहून एखाद्या सकाळी निकाली निघतात. हे सांगायला बाई हवी होती. गुळाचा डबा हाताशीच होता. मी मीठ घातलं आणि खिडकीला टेकून, उभ्यानेच कण्या खाल्ल्या.