गोरक्ष वर्पे आणि फवारणीचं विमान

हवाई दलातून पेन्शन घेऊन गोरक्ष वर्पे गावी परतला, तेव्हा त्याच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक, हत्यारांची पेटी आणि संशय एवढंच आलं, असं त्याची बायको चांगुणा म्हणायची. म्हणायची हसून, पण ते खोटं नव्हतं. घरी रतीब आला की हा दुधात बोट बुडवून बघणार. दुकानदार साखर तोलायला लागला की हा काट्याकडे नाही, दुकानदाराच्या अंगठ्याकडे बघणार. सायकलच्या पुढच्या चाकाला कुलूप आणि मागच्या चाकाला साखळी.

"आवो, आपल्या दारातनं कोन न्हेनार हाय सायकल?" चांगुणा विचारायची.

"जोवर न्हेत न्हाई तोवर कोनीच न्हेत नसतं," हा म्हणायचा.

विमानाच्या इंजिनावर उमेदीची वर्षं काढलेला माणूस तो. दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर भरवसा ठेवायचा नाही आणि आपण काल आवळलेल्या नटावरही ठेवायचा नाही, हे तिथं पहिल्याच दिवशी शिकवतात. बंद पडलेली मोटार रस्त्याच्या कडेला लावता येते. आभाळाला कड नसते.

एकाहत्तर साली पावसाळा सरता सरता प्रवरेच्या काठच्या उसावर पाकोळी ही कीड पडली. पानं चिकट झाली, मग काळी पडायला लागली. माणसं पाठीवर पंप घेऊन फवारणार तरी किती, म्हणून तिथल्या साखर कारखान्यानं मुंबईच्या एका कंपनीचं विमान मागवलं. एका इंजिनाचं, एका माणसापुरतं, पिवळं, पोटात औषधाची टाकी असलेलं. चालवायला कॅप्टन हेमचंद्र गुप्ते. त्यांच्याबरोबर आलेला मेकॅनिक पहिल्याच आठवड्यात काविळीनं आडवा झाला, तेव्हा कारखान्याच्या कोणीतरी गोरक्षचं नाव सुचवलं. कंपनीचा लायसनवाला इंजिनियर आठवड्यातून एकदा पुण्याहून येऊन तपासून सही करून जाई. रोजचं काम गोरक्षचं.

नदीअलीकडच्या माळावर मुरूम टाकून, रोलर फिरवून धावपट्टी केली होती. बाजूला ताडपत्रीचा मांडव आणि पेट्रोलची पिंपं. त्यांच्या राखणीला छगन नावाचा गडी होता, जवळच्याच वस्तीवरचा. राखण करता करता तो पेट्रोल भरायलाही मदत करी. विमानाच्या पंखावर चढायचं, टाकीचं झाकण उघडायचं, नरसाळ्यात मऊ चामडं धरून त्यातून पेट्रोल गाळत ओतायचं. चामड्यातून पेट्रोल जातं, पाणी जात नाही. हे त्याला गोरक्षनंच शिकवलं होतं.

विमान आलं तसं गावात कुजबूज सुरू झाली. पाकिस्तानशी लढाई होणार असं घरोघरचा रेडिओ सांगत होता. नगरला रणगाड्यांची छावणी. मग हे विमान रोज एवढं खाली येऊन बघतं तरी काय? फोटो काढतं म्हणे. औषध म्हणून भलतंच काही टाकतं म्हणे. बायका हंड्यांवर फडकी बांधू लागल्या. गोरक्षच्या घरावरून जाणारे लोक त्याच्याकडे पूर्वी जसा तो त्यांच्याकडे बघायचा तसं बघू लागले.

अशात छगनची शेळी मेली. औषधाचा फवारा वाऱ्यानं त्याच्या लसूणघासाच्या वाफ्यावर गेला आणि तोच घास शेळीनं खाल्ला, असं छगनचं म्हणणं. तो कॅप्टनांच्या समोर उभा राहून बोलला. "सायेब, गाभन हुती वो. तुमी वरून उडता, तुमाला खालचं काय दिसतंय?" कॅप्टन वरमले. कारखान्याकडे शब्द टाकतो म्हणाले. पण गोरक्षच्या मनात तेव्हाच एक गाठ बसली. या माणसाचा विमानावर राग आहे.

पुढच्याच आठवड्यात इंजिन रुसायला लागलं.

सकाळी विमान झकास उठे. नदीपलीकडे चार फेऱ्या मारी आणि मग इंजिनाचा दम उतरे. धपापल्यासारखं करी. कॅप्टन कसंबसं परत आणत. खाली उतरवून, पेट्रोल भरून पुन्हा चालू केलं की आवाज एकदम साफ.

"वर्पे, कार्बोरेटर बघा. पेट्रोल कमी पडतंय त्याला," कॅप्टन म्हणाले.

गोरक्षनं कार्बोरेटर उतरवला. पेट्रोलच्या जाळीत कचरा नव्हता, तळाला पाण्याचा थेंब नव्हता, फ्लोट मोकळा हलत होता. प्लग काढून पाहिले, तर भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग. म्हणजे हवा आणि पेट्रोल बरोबर मिसळत होतं. तरी त्यानं सगळं पुन्हा लावलं. चाकांखाली ठोकळे सरकवून इंजिन तापवलं, मंद चालू ठेवलं आणि स्क्रू एकेक खाच फिरवत, मान कलती करून ऐकत बसला. मग पेट्रोल तोडायची दांडी हळूहळू ओढली. विझण्याआधी दिव्याची वात जशी जराशी उजळते, तसं इंजिन जरा उसळलं आणि थांबलं. उसळी फार असती तर पेट्रोल जास्त, नसती तर कमी. ही उसळी हवी तेवढीच होती.

"बरोबर लागलंय, साहेब."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानं पेट्रोल जरासं वाढवून दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वर प्लग काळे. कॅप्टन आता फारसं बोलेनात. एकदा मात्र म्हणाले, "वर्पे, तुम्ही याआधी या जातीच्या इंजिनावर काम केलंय ना? की नुसतं सांगितलंत?"

गोरक्षला ते झोंबलं. आपल्या हातात खोट नाही, इंजिनात खोट नाही, मग राहिलं काय? माणूस.

तो लवकर येऊन मांडवामागे उभा राहू लागला. आणि एका सकाळी त्याला दिसलं. छगन पंखाखाली वाकून काहीतरी करत होता. हात टाकीच्या बाजूला होता.

"काय करतोस रं तिथं?"

छगन दचकला. "काय न्हाई दादा. कुंभारीन घोंगावतीया हितं. हाकलतोय तिला."

"कुंभारीन?"

"माशी वो. चिखलाची घरं बांधती ती."

गोरक्षनं पाहिलं. माशी नव्हती. छगनच्या बोटांना मात्र ओलसर माती होती. गोरक्षनं टाकी रिकामी केली, सगळं पेट्रोल चामड्यातून गाळलं. काही निघालं नाही. काही न निघणं हाच त्याला पुरावा वाटला. माणूस हुशार आहे, खुणा ठेवत नाही.

त्या दिवशी तो कारखान्याच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, "तो गडी विमानाला हात लावतोय. शेळीचा राग हाय त्याला."

शब्द तेवढेच होते, पण दिवस लढाईच्या तोंडावरचे होते. ऑफिसातून गोष्ट पोलीस पाटलाकडे गेली, तिथून तालुक्याला. छगनला जीपमध्ये घालून नेलं. दोन रात्री ठाण्यात ठेवला. तो परत आला तेव्हा त्याचा डावा गाल सुजलेला होता, नोकरी गेली होती आणि गावात त्याला नवं नाव मिळालं होतं : हेर.

आता पेट्रोल भरायला माणूस नव्हता. नवा येईपर्यंत कॅप्टन स्वतःच भरत. त्या दिवसांत आभाळ भरून यायचं, वारा असायचा, म्हणून विमान थोडा वेळच उडे आणि सुखरूप परत येई. गोरक्ष चांगुणेला म्हणाला, "बघितलंस? गडी गेला, बिघाड गेला."

चांगुणा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "छगनच्या बायकोला, गोजरबाईला, आज आडावर कोनी पानी भरू दिलं न्हाई," एवढंच म्हणाली.

वारा पडला. पहिल्याच स्वच्छ सकाळी कॅप्टन भरल्या टाकीनं निघाले आणि बऱ्याच वेळानं नदीपलीकडून येणारा आवाज अडखळला. मग थांबला. गोरक्ष माळावर उभा होता. इंजिनाचा आवाज थांबल्यावर जी शांतता येते ती त्यानं नोकरीत एकदाच ऐकली होती. तो सायकल घेऊन सुटला.

बाजरी काढलेल्या रानात विमान उतरलं होतं. एक चाक वाकलं होतं. कॅप्टन कपाळाला रुमाल लावून बांधावर बसले होते. गोरक्षला बघताच उठले. "वर्पे, काय केलंय तुम्ही माझ्या इंजिनाला? खरं सांगा."

छगन घरी होता. विमानाजवळ फिरकला नव्हता. म्हणजे आता बोट दाखवायला गोरक्षशिवाय कुणी उरलं नव्हतं. तो पंखावर चढला. पेट्रोल संपलं की काय ते बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं.

झाकण सुटेना. कोणीतरी आतून ओढून धरल्यासारखं घट्ट बसलं होतं. त्यानं जोर लावला तसा "सुस्स" असा लांब आवाज झाला. टाकीनं बाहेरची हवा आत ओढली. आत पेट्रोल अर्ध्याहून जास्त होतं.

 गोरक्ष खाली उतरला आणि पंखाखाली आडवा झाला. पेट्रोल कमी होत जाईल तशी टाकीत हवा शिरावी, म्हणून पंखाखाली एक बारीक, वाकडी नळी असते. तिचं तोंड त्यानं रोज पाहिलं होतं. मोकळं दिसायचं. आता त्यानं तार वाकवून आत घातली. वळणाच्या वर ती अडली. खरवडल्यावर सुकलेली माती भुरभुर पडली आणि मातीबरोबर दोन हिरव्या अळ्या. कुंभारणीनं पिलांसाठी भरून ठेवलेल्या.

कार्बोरेटरचा काहीच दोष नव्हता. टाकीत हवाच जात नव्हती, म्हणून पेट्रोल येत नव्हतं. झाकण उघडलं की हवा शिरे आणि सगळं ठीक होई.

कॅप्टनांनी तळहातावर माती घेऊन पाहिली.  मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे तुमच्याही नजरेतून सुटलं, माझ्याही. रिपोर्टात लिहू आपण. गावात सांगायची गरज नाही."

"गरज हाय, साहेब," गोरक्ष म्हणाला.

तो आधी ठाण्यात गेला, मग कारखान्यात. दोन्हीकडे उभ्यानं सांगितलं की माझी चूक झाली, गडी निर्दोष आहे. संध्याकाळी तो छगनच्या वस्तीवर पोचला. गोजरबाई दारातच होती. ती आत गेली आणि दार ओढून घेतलं. छगन गोठ्यातून बाहेर आला.

"आता काय घावलं माझ्याकडं?" त्यानं विचारलं.

गोरक्षनं सांगितलं. नळी, माती, अळ्या. छगन ऐकत होता.

"टाकी उघडताना रोज आवाज यायचा तसा," छगन म्हणाला. "सुस्कारा टाकल्यागत. मला वाटलं, इमानाची रीतच आसंल."

"मला का न्हाई बोललास?"

"माशीचं बोललो हुतो की. काय झालं?"

 कारखान्यात पुन्हा कामावर घेतायत, ये, असं गोरक्ष म्हणाला. छगननं नकारार्थी मान हलवली. "आन पुन्हा काय बिघडलं तर? आधी मलाच धरनार."

बाजारच्या दिवशी मारुतीच्या पारावर माणसं जमली असताना गोरक्ष उभा राहिला आणि सगळ्यांसमोर बोलला. छगनचा यात काडीचा संबंध नव्हता, मीच त्याला गुंतवलं. लोकांनी ऐकून घेतलं. काहींनी मान डोलावली. पण पार उतरताना त्याला मागून कुजबूज ऐकू आली : "दोघांचं काहीतरी मिटलेलं दिसतंय."  असाच संशय तो स्वतः आयुष्यभर घेत आला होता.

तरी आडावरचं पाणी हळूहळू सुरू झालं. गोजरबाईच्या घागरीला हात लावून चांगुणा पहिल्या दिवशी मुद्दाम तिच्या शेजारी उभी राहिली.

डिसेंबरात लढाई झाली, विमान त्याआधीच गेलं होतं. गोरक्षनं मग रस्त्याला एक टपरी टाकली आणि विहिरीवरची ऑईल इंजिनं दुरुस्त करू लागला. इंजिन बिघडलं की गिऱ्हाईक हमखास म्हणे, भावकीतल्या कोणीतरी रेती टाकली. गोरक्ष म्हणे, "आधी उघडून बघू. नाव नंतर घे."

पुढल्या वर्षी पाऊस रुसला. विहिरींचं पाणी तळाला गेलं आणि एक दिवस छगन बैलगाडीतून आपलं इंजिन घेऊन आला. जवळपास दुसरा मिस्त्री नव्हता. रामराम झाला, त्यापलीकडे बोलणं नाही. गोरक्षनं इंजिन खोलायला घेतलं. छगन चहाला गेला नाही, सावलीला गेला नाही. हाताची घडी घालून अगदी जवळ उभा राहिला आणि गोरक्षचा हात जिकडे जाईल तिकडे बघत राहिला. कोणता नट काढला, कुठं ठेवला, कोणता परत बसवला.

गोरक्षला ते कळत होतं. त्यानं बसायचं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

"बस. हितनं नीट दिसंल," तो म्हणाला.

छगन बसला, पण नजर काढली नाही.