आधी पाणी, मग दरखास्त

दरखास्त हातात दिली की साहेब ती वाचत नसत. घडी घालून मांडीखाली सरकवायचे आणि तिच्यावर बसायचे. "पैले पाणी दाखवा," म्हणायचे. "दरखास्त कुठं पळून न्हाई जात."

निजामाच्या बांधकाम खात्यात त्यांनी सारी उमर ओव्हरसियरकी केली होती. पेन्शन घेऊन आखाडा बाळापुरात राहत. नदीत घाट असो, बंधारा असो, तहसिलीची मंजुरी लागे. आणि एकदा नामंजूर शेरा पडला की त्या गावाची दरखास्त पुन्हा कुणी उघडून बघत नसे. म्हणून शहाणी गावं आधी साहेबांकडे जात. बाकीची नंतर जात. त्यांना साहेब चहा पाजत, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलेलंच नसे.

असल्याच एका गावानं भर उन्हाळ्यात जागा धरली, मंजुरीही मिळवली आणि बंधारा बांधून घेतला. पुढच्या पुरात नदी बाजूच्या शेतातून वाहायला लागली. साहेबांना नेऊन दाखवलं, तर त्यांनी बंधाऱ्याभोवती फेरी मारली, भिंतीवर थाप मारून पाहिली. "काम मजबूत हाय हो," म्हणाले. "फकत नदी न्हाई."

आमचं गाव पैनगंगेच्या काठावर. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, मधे पाणी आणि एक डोंगा. माझी थोरली बहीण, अक्का, पलीकडे दिलेली. एका श्रावणात ती माहेरी येत होती. डोंगा आमच्या काठाला लागला, तिनं उतरायला पाय टाकला आणि चिखलाची कड तिच्या पायाखालून सुटली. अक्काला आम्ही ओढून काढलं. कडेवरचं लेकरू हाती लागलं नाही.

त्यानंतर गावानं ठरवलं, दगडी घाट पाहिजेच. आणि तो तिथंच पाहिजे, जिथं लेकरू गेलं. पाटलांनी मुहूर्त पाहून नारळ फोडला, अक्काच्या हातून पहिला दगड ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं. मंजुरीचा पत्ता नाही, कुणाला विचारपूस नाही, पण नारळ फुटला! आमच्याकडे हे असंच. आणि एकदा नारळ फुटला की जागा हलत नाही, हेही आमच्याकडे असंच.

कुणीतरी शहाणपणाची आठवण करून दिली म्हणून साहेबांना बैलगाडीनं आणलं. ओसरीवर बसताच दरखास्त मांडीखाली गेली. पाटील माझ्या कानाशी लागले, "हे काय, अंडं उबवून राहिले का?"

साहेबांचे कान तिखट. "व्हय पाटील. कच्चं फुटलं तर तुमचंच नुकसान."

दरखास्त खिशात घालून ते नदीवर आले. बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि सरळ पाण्यात शिरले. मग काठावरच्या बाभळी पाहिल्या, साऱ्या नदीकडे कलंडलेल्या. पुराचा काडीकचरा फांद्यांत कुठवर अडकलाय ते पाहिलं. धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं, भादव्यात कुठं बसता म्हणून. तुमच्या पाहण्यात असतील अशी माणसं. सल्ला मागावा आणि यांनी उलट आपल्यालाच विचारत सुटावं. शेवटी त्या कुंकवाच्या दगडापाशी आले.

"नदी इथं काठ खाऊन राहिली," मग म्हणाले. "वळणाची बाहेरची बाजू हाय ही. खाली काळा खडक पाण्यात उतरलाय ना, घाट तिथं टिकंल."

"आता कसं हलवावं साहेब? नारळ फुटलाय," पाटील म्हणाले.

"नारळ तुमी खाल्ला. नदीला काय ठाव?"

कुणी हसलं नाही, कारण अक्का पुढं आली होती. "माझं लेकरू इथं गेलं, तिथं न्हाई," ती म्हणाली. "घाट इथंच होईल."

साहेब तिच्यासमोर चिखलातच बसले. "बेटी, इथं बांधला तर दोन-चार पूर काढंल. मग एक दिवस खालची माती जाईल. त्या वक्ती पायरीवर कोण असंल? लेकरू घेऊन उतरणारी कोणी बाईच असंल ना?"

अक्कानं पदर खोचला, वाकली आणि दगड उचलला. मी हात लावायला गेलो तर मला ढकललं. "सरक. माझा हाय." डोक्यावर घेऊन ती काठाकाठानं त्या खडकापर्यंत चालत गेली. तिच्यामागं सारं गाव, पाटीलसुद्धा, आणि सगळ्यांत शेवटी बूट हातात घेतलेले साहेब. खरं सांगतो, मला रडू आवरलं नाही.

तिथं साहेबांनी दरखास्त काढली, पहिल्यांदा वाचली आणि फाडून टाकली. नवीत काय लिहायचं ते सांगितलं: पुराची खूण कुठवर, खडक कुठून कुठवर. "आणि पलीकडच्या पाटलाची कबुली आधी घ्या. नदी दोन सरकारांची हाय. न्हाई तर कागद कचेरीतच म्हातारा होईल."

मंजुरीला वेळ लागला, पण आली. घाट झाला. अक्काचा दगड वरच्या पायऱ्यांत बसला. पुढं एका पुरात त्या बाभळी काठासकट गेल्या, आणि पाटलांनी नारळाचं नाव काढणं सोडलं.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात दिवस वाईट आले. निजामाचं राज्य जात होतं, माणसं बिथरली होती, ओळखीचे लोक ओळख देईनात. साहेब मुसलमान. त्यांना बाळापुरात राहण्यात धोका होता, आणि त्यांची मुलगी पलीकडे वऱ्हाडात होती. एका सकाळी ते आणि त्यांच्या बीबी आमच्या दारात उभे राहिले. बरोबर एक गाठोडं.

"डोंगा चालू हाय का?" एवढंच विचारलं.

नदी दुथडी भरली होती. पाणी अक्काच्या दगडाच्या खालच्या पायरीला लागलेलं. गौरींसाठी अक्का माहेरी आली होती. तिनं बीबींना हात धरून डोंग्यात बसवलं. साहेबांनी सवयीनं बूट काढले, उतरायला लागले आणि त्या दगडापाशी थबकले. कुंकू केव्हाच धुऊन गेलं होतं, तरी त्यांनी ओळखला. पाय लांब टाकून तो ओलांडायला गेले. उमर झालेली, तोल गेला.

अक्कानं दंड धरला. "ठेवा पाय, साहेब. त्यासाठीच बसवलाय."

साहेबांनी दगडावर पाय ठेवला. मग दुसरा ठेवला. डोंगा सुटला.

पलीकडे उतरून ते बूट घालताना मला दिसले. पुढं त्यांची काही खबर आली नाही. नावाडी एकटाच परत येईपर्यंत अक्का त्या दगडावर उभी होती.