ओक-नाम मावशीची किवी

ओक-नाम मावशी झोपताना तोंडाला कच्चं मांस लावते, म्हणून एकसष्टाव्या वर्षीही तिचे गाल असे तुकतुकीत आहेत, असं अख्ख्या नाजू शहरात बोललं जातं. साफ खोटं. मांसाला जे लावतात, ते ती तोंडाला लावते.

आमच्या हमामात बायकांची अंगं घासायच्या कामाला लागण्याआधी ती अठरा वर्षं बरगड्या भाजून देणाऱ्या खानावळीत होती. तिथे मांस मऊ पडावं म्हणून त्याला किसलेली नाशपाती चोळायची. एक दिवस तिच्या लक्षात आलं, आपण मनगटापर्यंत म्हातारी आणि पुढे नवरी. "मग म्हटलं, तोंडानं माझं काय घोडं मारलंय?"

तेव्हापासून बाईची पाठ घासून झाली की मावशी नाशपातीचा कीस दह्यात कालवून तिच्या गालांना लावते आणि दहा मिनिटांनी गार पाण्यानं धुते.

गेल्या वसंतात साठवणीतल्या नाशपात्या संपल्या. मावशीनं किवी घेतली. आता खानावळीतलं कुणीही सांगेल, किवी जरा जास्त झाली की मांसाचा लगदा होतो. मावशीलाही ते पाठ होतं, पण तिला वाटलं, बाईचं तोंड म्हणजे काय बरगडी आहे? तिनं लाँड्रीवाल्या प्यो बाईंना अख्खी किवी फासली. बाई तो लेप घेऊन गरम खोलीत जाऊन आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या. उठल्या तेव्हा तोंड लालबुंद. शनिवारी मुलीचं लग्न.

"फोटोत मी किमचीतल्या तिखट माखलेल्या कोबीसारखी दिसणार," आरशात बघत त्या म्हणाल्या.

आमच्या मालकीणबाई नाकातून बोलतात, त्यांची नक्कल केल्याशिवाय मला राहवत नाही. "ओक-नाम, महिन्याभरात प्योताई परत आल्या नाहीत, तर तुझा अंग घासायचा पलंग मी दुसरीला देणार."

रोज सकाळी तांदळाचं गार धुवण आणि सुती फडकी घेऊन मावशी लाँड्रीच्या दाराशी. पहिल्या दिवशी दार उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी फटीतून नुसता हात आला आणि फडकं घेऊन गेला. शनिवारपर्यंत लाली उतरली, उरलीसुरली पावडरनं झाकली. इकडे मावशीनं स्वतःच्या दंडावर एकेक फळ लावून पाहिलं आणि शेजारी भुवयांच्या पेन्सिलीनं मिनिटं लिहिली. किवी बाद झाली. स्ट्रॉबेरी पास.

लग्नाला तीन आठवडे उलटले तरी प्यो बाईंचा पत्ता नाही.

हमामातल्या टॉवेलांच्या घड्या घालता घालता मी म्हटलं, "मावशी, त्या स्टेशनजवळच्या हमामात जातात आता. येत नाहीत त्या."

"येतील. त्यांना डाव्या खांद्याखाली खाजतं. तिथल्या पोरींना ते कुठून कळणार?"

"लाव पैज."

"हरलीस तर तोंडाला लेप. आणि दहा मिनिटं ओठ हलवायचे नाहीत. माझी नक्कल नाही, मालकीणबाईंची नाही."

"आणि जिंकले तर?"

"तर मी इथं नसेनच. कर मग हव्या तेवढ्या नकला."

पहिल्यांदाच मला पैज हरावीशी वाटली.

अठ्ठाविसाव्या दिवशी प्यो बाई आल्या आणि मावशीच्या पलंगावर पालथ्या पडल्या. पाठ घासून होत आली तेव्हा म्हणाल्या, "तिथली घासते की कुरवाळते, कळत नाही." मग उताण्या झाल्या. "तोंडालाही लाव. पण इथून हलू नकोस. आणि मला झोपू देऊ नकोस."

"बोलत राहते, ताई."

शेजारच्या पलंगावर मी, हनुवटीपर्यंत स्ट्रॉबेरी. मालकीणबाई दारात येऊन नाकातून काहीतरी म्हणाल्या. अजून सात मिनिटं जायची होती.