वायतुऱ्याची चोरी

त्या प्रकरणाची आठवण झाली की मी अजूनही स्वस्थ बसू शकत नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. पाण्यात उगवणाऱ्या एका रानटी झाडाची चोरी होती.

तेव्हा माझी नेमणूक शहराच्या पश्चिम कडेच्या एका ठाण्यात होती. आमच्या हद्दीत, वारज्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी एक राखीव पाणथळ आहे. तारेचं कुंपण, वन विभागाचा फलक आणि एक वनरक्षक. पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी, हजेरी संपता संपता, कोथरूडच्या एक बाई ठाण्यात आल्या. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. पाणथळीतला वायतुरा कुणीतरी कंदासकट काढून नेला, अशी त्यांची तक्रार होती.

ठाणे अंमलदाराने विचारलं, "म्हणजे नक्की काय गेलं?"

"आपल्या सह्याद्रीबाहेर जे जगात कुठे उगवत नाही, ते गेलं," बाई म्हणाल्या. "आता लिहून घ्या."

बाईंनी उमेदीची वर्षं त्या चिखलात अभ्यास करण्यात घालवली होती. गुडघ्यांमुळे आता तिथे जाणं होत नसे. वनरक्षकाने फोन केला तेव्हा त्यांना कळलं. सोबत यजमान होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी बाईंना खुर्ची ओढून दिली आणि स्वतः दाराशीच उभे राहिले.

गुन्हा दाखल करून आम्ही जागेवर पंचनामा केला. कंद खुरप्याने, न दुखावता काढलेले दिसत होते. हा चोर घाईत नव्हता. वरच्या अंगाला, कुंपण वाकवून, बांधकामाच्या राडारोड्याचे ताजे ढीग टाकलेले होते. तेही मी पंचनाम्यात घेतले.

घरातल्या काचेच्या टाक्यांसाठी दुर्मिळ पाणवनस्पती विकल्या जातात, म्हणून पहिला संशय त्या धंद्यावर गेला. वनरक्षकाचा जबाब झाला. तिथे म्हशी चारणाऱ्या एकालाही आणलं. तो म्हणाला, "म्हशीला इचारा, साहेब. माणसाच्या काय कामाचं हाय ते?" त्याला सोडून दिलं. पाऊस सरला, थंडी आली, तपास तिथेच. बाई मधूनमधून फोन करून विचारत, "काही प्रगती, की फक्त तपास?"

शेवटी खबर आली ती शोभेचे मासे विकणाऱ्या पेठेतल्या एका दुकानदाराकडून. वडिलांपासूनचं दुकान, धंद्यातला माणूस न् माणूस ओळखीचा. त्याचं म्हणणं, असला माल बाजारात आलेलाच नाही. "पण एक काका येतात," तो म्हणाला. "मोठे टब नेले, पाणी तपासायचं औषध नेलं, मासा एकही नेला नाही. परवा विचारत होते, कंद कुजायला लागला तर काय करायचं."

टब टेम्पोने कर्वेनगरच्या एका सोसायटीत पोचवले होते. फ्लॅट परदेशातल्या माणसाचा. पंचांना घेऊन मी बेल वाजवली. दार बाईंच्या यजमानांनी उघडलं. फ्लॅट त्यांच्या धाकट्या भावाचा होता.

चौकशीत त्यांनी काहीच नाकारलं नाही. बाईंचं जाणं थांबल्यापासून तेच पाणथळीवर फेरी मारत आणि काय फुललं ते घरी येऊन सांगत. राडारोड्याचे ट्रक येऊ लागलेले त्यांनी पाहिले. कचेऱ्यांत अर्ज दिले. प्रत्येक जण हद्द दुसऱ्याची म्हणाला.

"तिचं आयुष्य आहे तिथे," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत ते राडारोड्याखाली गेलं असतं."

"मग बाईंना का नाही सांगितलं?"

"तिने हात लावू दिला नसता. म्हणाली असती, जागा सोडली की ते जगत नाही."

टबांत काय झालंय ते मी पाहिलं होतं. पावसानंतर त्या कंदाला कोरड्या मातीत झोपू द्यावं लागतं, हे मला पुढे बाईंकडून कळलं. यांनी मायेने टब भरलेले ठेवले होते. बहुतेक कंद कुजले होते.

बाईंना सांगायला मी स्वतः कोथरूडला गेलो. मृत्यूच्या बातम्या अनेक घरी पोचवल्या होत्या, पण इथे काय सांगायचं ते मी जिन्यातच दोनदा घोळवलं. सगळं ऐकून त्यांनी आधी एवढंच विचारलं, "जगलेत किती?" मी म्हटलं, थोडे. मग म्हणाल्या, "परक्याने केलं असतं तर मी तक्रार मागे घेतली असती का? राहू दे ती. आणि त्या ट्रकांचंही माझ्या जबाबात येऊ द्या."

कोर्टाच्या तारखेला फिर्यादी आणि आरोपी एकाच रिक्षातून उतरले. बाईंनी पर्समधून रक्तदाबाची गोळी काढून यजमानांच्या हातावर ठेवली, पाण्याची बाटली दिली, आणि मग काठी टेकत येऊन आमच्या बाजूच्या बाकावर बसल्या. यजमानांनी गुन्हा कबूल केला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटले. उरलेले कंद वन विभागाने बाईंना विचारून पुन्हा चिखलात लावले. त्यांतले काही रुजले. राडारोडा टाकल्याचा गुन्हा वेगळा नोंदवला. ट्रकचे चालक सापडले. त्यांना पाठवणाऱ्यापर्यंत पुरावा पोचला नाही.

हेतू कळला की गुन्हा उलगडतो, असं मी नोकरीभर शिपायांना सांगत आलो. इथे हेतू कळला आणि माझीच झोप उडाली. मायेपोटी केलेली चोरीही चोरीच, हे मला त्या बाईंनी शिकवलं. पण आमच्या हाती खुरपेवाला माणूस लागला आणि ट्रक पाठवणारा निसटला, हे मला अजून सलतं.

निवृत्तीनंतरही मी अधूनमधून तिकडे जातो. वायतुरा मला अजून नीट ओळखता येत नाही. मी कुंपणाबाहेर ट्रकच्या चाकांच्या ताज्या खुणा दिसतात का, ते पाहून परत येतो.