फुंकरीचं माप

नवी पेठेच्या मागच्या बोळात छर्र्याच्या बंदुका दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. गड्ड्याच्या जत्रेत माझा फुगे फोडायचा स्टॉल असे, म्हणून दर वर्षी संक्रांतीआधी मी त्याच्याकडे जायचो. नाव विचारायचं दोघांनाही कधी सुचलं नाही. तो मला 'मालक' म्हणायचा, मी त्याला 'मिस्त्री'.

त्याची तपासणी तोंडानं चाले. नळीत छर्रा घालायचा आणि हळूच फुंकर मारायची. "आपसूक घरंगळला तर वारा बाजूनं निसटतोय. फुंकरीनंबी हलला न्हाय तर लई गच्च हाय. फुंकरीसरशी निघाला की जमलं," हे तो दर वर्षी नव्यानं सांगायचा आणि ओठाला लागलेलं काळं तेल बाहीला पुसायचा.

आणीबाणीच्या वर्षी एक बंदूक पडून तिची नळी किंचित वाकली. मी म्हणालो, "मिस्त्री, बाकीचं बघा, नळी वाकडीच राहू द्या. गिऱ्हाइकाचे नेम चुकले तर बरंच."

तो रागावला नाही. एक डोळा मिटून नळीतून उजेड बघत राहिला, हलके ठोकत राहिला. मग बंदूक माझ्या हातात देत म्हणाला, "सरळ केलीय. वाकडी करायला कारागीर कशाला लागतोय? घरी जाऊन तुमीच करा की, मालक."

घरी मी नळी गुडघ्यावर घेतली. वाकवण्याआधी सहज एक डोळा मिटून आत पाहिलं. पलीकडे खिडकीतला उजेड टिकलीसारखा गोल दिसत होता.

त्या वर्षी गड्ड्यावर फुटलेल्यांच्या जागी नवे फुगे फुगवता फुगवता माझे गाल सुजले.